डोक्यातलं चित्र, कागदावरचं चित्र

नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की बातम्यांमध्ये आकडा झळकतो: अमुक हजार क्यूसेक. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. आकडा खरा असतो, पाटबंधारे खात्याला तो लागतोच. पण सराफ बाजारात ज्याचं दुकान आहे त्याला माल आत्ताच माळ्यावर चढवायचा की अजून तासभर थांबायचं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तो गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) असलेल्या कुणाला तरी फोन लावतो आणि एवढंच विचारतो, "मारुतीला कुठवर आलंय?"

रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पायाला लागलं, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. बाहेरगावच्या माणसाला ही नुसती बोलायची पद्धत वाटेल, पण जरा खोलात गेलं तर ही फार हुशारीची सोय आहे. धरणातून किती सुटलं, वाटेत नाल्यांनी किती भर घातली, शहरात पाऊस किती झाला, पात्र कुठे रुंद आणि कुठे चिंचोळं आहे, हे सगळं गणित नदीने आधीच करून टाकलेलं असतं. उत्तर तेवढं मूर्तीच्या अंगावर दिसतं. माप माणसाच्या देहाचं, त्यामुळे ते कुणाला शिकवावं लागत नाही. आणि त्या मापाला आठवणी चिकटलेल्या आहेत. १९६९ च्या पुरात, २००८ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं आणि तेव्हा आपल्या गल्लीत काय झालं होतं, याची सांगड जुन्या नाशकातल्या घराघरात लावून ठेवलेली आहे. फोनवर "छातीला" एवढं ऐकलं की दुकानदाराच्या डोळ्यांसमोर थेट स्वतःच्या दुकानाची पायरी येते.

म्हणजे इथे दोन चित्रं एकाच वेळी काम करतात. एक बाहेरचं, सगळ्यांना दिसणारं. दुसरं डोक्यातलं, फक्त ज्याचं त्याला दिसणारं. माणूस विचार करतो तो या दोघांच्या देवघेवीतून. दोघांची ताकद वेगळी आहे, आणि एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की गफलत होते.

डोक्यात खरंच चित्र असतं का?

तुमच्या घराला एकूण खिडक्या किती? बहुतेक कुणी हा आकडा पाठ केलेला नसतो, तरी उत्तर देता येतं. आपण मनातल्या मनात हॉलमधून स्वयंपाकघरात जातो, मग आतल्या खोलीत, आणि मोजत सुटतो. काहींची तर मानही किंचित वळते. पण हे "दिसणं" खरं की फक्त तसं वाटणं? दुसऱ्याच्या डोक्यात डोकावता येत नाही, म्हणून मानसशास्त्राने हा प्रश्न बरीच वर्षं बाजूला ठेवला होता.

१९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी एक नामी युक्ती काढली. ठोकळे जोडून केलेल्या वेड्यावाकड्या आकारांच्या जोड्या त्यांनी लोकांना दाखवल्या आणि विचारलं, हे दोन्ही एकच आकार आहेत की एकमेकांची आरशातली रूपं? काही जोड्यांत दुसरा आकार थोडा फिरवलेला होता, काहींत बराच. उत्तराला लागणारा वेळ मोजला, आणि आलेख जवळजवळ सरळ रेघेत निघाला. आकार जितका जास्त फिरवलेला, तितका जास्त वेळ. हिशेब साधारण सेकंदाला ६० अंश असा बसला. लोक डोक्यात आकार खरोखर फिरवून पाहत असावेत, तेही ठरावीक वेगाने, असंच यातून दिसत होतं.

मग १९७८ मध्ये स्टीफन कॉसलिन आणि सहकाऱ्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा लोकांकडून पाठ करून घेतला. झोपडी, झाड, तळं, विहीर अशा खुणा. नकाशा काढून घेतला आणि सांगितलं, मनात झोपडीवर लक्ष ठेवा, आता तिथून दुसऱ्या खुणेवर जा. कागदावर जे अंतर जास्त, ते मनातही जास्त वेळ खाऊन गेलं. म्हणजे सीबीएसवरून, नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, मनात जवळच्या अशोक स्तंभावर पोचणं आणि तिथूनच मनात लांबच्या नाशिकरोडला पोचणं, दोन्हींना सारखाच वेळ लागायला पाहिजे असं वाटतं. पण तसं होत नाही.

झेनॉन पायलिशिन यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की लोकांना प्रत्यक्षात लांब जायला वेळ लागतो हे माहीत असतं, म्हणून ते नकळत तसं वागतात. डोक्यात चित्र वगैरे काही नाही, आहे ती फक्त माहिती. हा वाद काही दशकं चालला आणि अजून पुरता मिटलेला नाही. पण मला स्वतःला या वादातला सगळ्यांत चक्रावून टाकणारा पुरावा प्रयोगशाळेतल्या बेटाचा वाटत नाही. तो मिलान शहरातल्या एका चौकाचा आहे.

१९७८ सालीच एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झाती या इटालियन संशोधकांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या दोन रुग्णांचा अभ्यास छापला. अशा रुग्णांना दिसतं सगळं, पण डावीकडच्या गोष्टींकडे त्यांचं लक्षच जात नाही. ताटातला डावा अर्धा भाग तसाच राहतो, ते उजवीकडचं जेवून उठतात. या दोघांना मिलानच्या कॅथीड्रलचा चौक चांगला ओळखीचा होता. त्यांना सांगितलं, चौकाच्या या टोकाला, कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा, काय काय दिसतं सांगा. त्यांनी उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता मनातच पलीकडे जा, कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि उलट बघा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या नेमक्या त्याच इमारती सांगितल्या, आणि मघाशी सांगितलेल्या विसरले.

हे आपल्याकडे आणून पाहा. रामकुंडावर नदी वाहते त्या दिशेला तोंड करून मनात उभे राहा. डाव्या हाताला पंचवटी, कपालेश्वर, त्यामागे काळाराम. उजव्या हाताला सराफ बाजार, पुढे भद्रकाली. वळून प्रवाहाच्या उलट तोंड केलं की बाजू बदलल्या. त्या रुग्णाला पहिल्या वेळी पंचवटीच आठवणार नाही, दुसऱ्या वेळी सराफ बाजार नाहीसा होईल. माहिती गेलेली नाही, दोन्ही बाजू डोक्यात शाबूत आहेत. पण आठवायचं म्हणजे कुठेतरी उभं राहून पाहायचं, आणि पाहायचं म्हटलं की डावी बाजू गळते. नुसत्या शब्दांची यादी डोक्यात असती तर यादीला डावं-उजवं कुठून आलं?

डोक्यातलं पाहणं आणि डोळ्यांनी पाहणं एकाच यंत्रणेत वाटून घ्यावं लागतं, याचा रोजचा अनुभव द्वारका चौकात येतो. गाडी चालवताना शेजारी बसलेला कुणी "तुमच्या गावच्या वाड्याची मांडणी कशी होती हो?" असं विचारतो आणि तुम्ही आठवायला लागता. समोरची रिक्षा दिसत असूनही दिसत नाही. ली ब्रुक्स यांनी १९६८ मध्ये याची प्रयोगातून नोंद केली होती. मनात एका अक्षराच्या कडेने फिरत, प्रत्येक कोपरा अक्षराच्या अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला आहे का, याचं "हो-नाही" सांगायचं. तोंडाने सांगायचं असेल तर काम भराभर होतं; तेच उत्तर कागदावर बोट ठेवून दाखवायचं असेल तर लोक अडखळतात, कारण नजर आणि जागेचं भान आधीच मनातल्या चित्रात गुंतलेलं असतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सगळ्यांना मनात चित्र दिसत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना आपलं सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं तेव्हा काही नामवंत शास्त्रज्ञ म्हणाले, हे "दिसतं" वगैरे आम्हाला अलंकारिक बोलणं वाटायचं. अ‍ॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला अफँटेशिया हे नाव दिलं. शंभरात काही मोजकी माणसं अशी असतात. हा आजार नाही. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी स्वतःबद्दल हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. आणि हा केवळ सांगण्याचा फरक नाही. आपण लख्ख उजेड मनात आणला की डोळ्यांची बाहुली खरोखर लहान होते; अफँटेशिया असलेल्यांची तशी होत नाही. तरीही घराच्या खिडक्या किती, हे ते बिनचूक सांगतात. कसं, हा प्रश्न अजून उघडा आहे.

वीसच्या नोटेमागे काय आहे?

आता मनातल्या चित्राची दुखरी बाजू. खिशातली नोट काढू नका. वीस रुपयांच्या नव्या, हिरवट-पिवळ्या नोटेच्या मागे कोणतं चित्र आहे? शंभरच्या मागे? देशात नोटा छापणारे कारखाने चार: देवास, म्हैसूर, सालबोनी आणि आपला नाशिकरोडचा. ज्या शहरात नोटा छापल्या जातात तिथल्या माणसाला निदान एवढं यायला हवं. वीसवर वेरूळची लेणी आहेत, शंभरवर गुजरातमधली राणी की वाव. पन्नासवर हंपीचा रथ. बहुतेकांना पाचशेवरचा लाल किल्ला तेवढा आठवतो, आणि तोही कोणत्या बाजूला झेंडा आहे हे विचारलं की संपलं.

रेमंड निकरसन आणि मेरिलिन अ‍ॅडम्स यांनी १९७९ मध्ये अमेरिकन लोकांना त्यांचं एका सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. जन्मभर हाताळलेलं नाणं. पण चेहरा कुठल्या बाजूला वळलेला, अक्षरं कुठे, साल कुठे, यात सर्रास चुका. पंधरा चित्रांतून खरं नाणं ओळखा म्हटलं तरी निम्म्याहून जास्त लोक चुकले. नोट ओळखायला रंग आणि आकडा पुरतो, म्हणून मेंदू बाकीचं साठवायचे कष्टच घेत नाही. मनात नोट "स्पष्ट दिसते" असं वाटतं, पण तिच्यावर बोट ठेवून वाचायला गेलं की काही नसतं.

त्याहून मोठी मेख पुढच्या प्रयोगात आहे. एक प्रसिद्ध चित्र आहे: एका बाजूने पाहिलं तर बदक, दुसऱ्या बाजूने ससा. चोच म्हणजेच कान. १९८५ मध्ये डेबोरा चेंबर्स आणि डॅनियल राइसबर्ग यांनी हे चित्र, ते आधी माहीत नसलेल्या लोकांना काही सेकंद दाखवून काढून घेतलं. ज्याला बदक दिसलं त्याने बदक मनात धरलं. मग विचारलं, मनातल्या चित्राकडे नीट बघा, अजून काही दिसतंय का? इशारे दिले, सूचना दिल्या. एकालाही दुसरा प्राणी सापडला नाही. मग त्यांना म्हणाले, बरं, मनात आहे तेच कागदावर काढा. काढलं. आणि स्वतःच काढलेल्या त्या रेघांकडे पाहताना सगळ्यांना दुसरा प्राणी दिसला!

नवी माहिती कुठलीही आली नाही. कागदावर उतरलं ते त्याच माणसाच्या डोक्यातून. तरी डोक्यात जे दिसत नव्हतं ते कागदावर दिसलं. कारण मनातलं चित्र अर्थासकट येतं. ते "बदक" म्हणूनच मनात धरलेलं असतं, आणि जे आपण ठरवूनच धरलंय त्यात आपल्याला नवं काही सापडत नाही. कागदावरच्या रेघांना अर्थाशी देणंघेणं नसतं. त्या तिथे पडून असतात, आणि त्यांच्याकडे परक्यासारखं पाहता येतं. वास्तुविशारद एकाच घराचे पन्नास कच्चे नकाशे का काढतात, शिंपी आधी खडूने का आखतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. नंतरच्या संशोधनात, सोप्या आकारांबाबत लोकांना मनातही नवं काही सापडतं असं दिसलं, त्यामुळे हा नियम पोलादी नाही. पण आकार जरा गुंतागुंतीचा झाला की पेन्सिल जिंकते.

ब्रह्मगिरीचं कोडं

मानसशास्त्रातलं एक जुनं कोडं आहे, कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या लेखनामुळे माहीत झालेलं. ते त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर नेऊ.

एक माणूस शनिवारी सकाळी सातला पायथ्यावरून ब्रह्मगिरी चढायला लागतो. वाटेत थांबतो, लिंबू सरबत पितो, माकडांनी पिशवी ओढली म्हणून थोडं मागेही येतो, आणि अकराला वर पोचतो. रात्री वरच मुक्काम (वनखात्याला विचारू नका, हे कोडं आहे). रविवारी सकाळी बरोबर सातला तो त्याच वाटेने उतरायला लागतो आणि साडेनऊला खाली येतो. प्रश्न असा: वाटेवर अशी एखादी जागा नक्की असेल का, जिथे तो दोन्ही दिवशी अगदी एकाच वेळी होता?

बहुतेक लोक म्हणतात, योगायोग असेल तर असेल, नक्की कसं सांगणार? गणितात बरे असलेले वेग आणि अंतर यांची समीकरणं मांडायला घेतात आणि अडकतात, कारण वेग दिलेलाच नाही.

आता डोळे मिटा. दोन वेगवेगळे दिवस विसरा. एकाच सकाळी सातला एक माणूस पायथ्यावरून चढायला लागलाय आणि दुसरा वरून उतरायला लागलाय. वाट एकच. ते एकमेकांना कुठेतरी भेटणारच की! जिथे भेटतील तीच ती जागा. सिद्धता संपली. एकही आकडा लागला नाही.

हे मनातल्या चित्राचं यश. पण आता मी प्रश्न थोडा वाकवतो. रविवारी तो सातऐवजी साडेदहाला उतरायला लागला तर? आणि सव्वाअकराला लागला तर? मनात दोन माणसं चालवत बसलात तर जरा गोंधळ होतो. कागद घ्या. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर उंची. शनिवारची रेघ डावीकडे खालून निघते आणि अकराला वरच्या कडेला टेकते. सरबताच्या जागी सपाट, माकडांच्या जागी किंचित खाली आलेली. रविवारची रेघ वरच्या कडेवरून निघते आणि खाली येते. सातला निघालेली असो वा साडेदहाला, दोन्ही रेघा एकमेकींना छेदल्याशिवाय जाऊच शकत नाहीत. सव्वाअकराची रेघ मात्र पहिली संपल्यावर सुरू होते, त्यामुळे छेदायचा प्रश्नच नाही. सगळे पर्याय एका नजरेत, आणि कुणाला सांगायचं तर बोट ठेवून सांगता येतं.

जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८७ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता: आकृतीत आणि वर्णनात माहिती तीच असेल, तर आकृती सोपी का पडते? त्यांचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात "चित्र हजार शब्दांचं काम करतं" छापाची भाबडी आरती नाही. वर्णनात एकमेकांशी संबंधित गोष्टी दूरदूर विखुरलेल्या असतात. तिसऱ्या ओळीतली बाजू आणि नवव्या ओळीतला कोन एकत्र आणायला वारंवार शोधावं लागतं. आकृतीत ज्या गोष्टी एकत्र वापरायच्या त्या शेजारीशेजारी असतात, म्हणून शोधाशोध वाचते. आणि काही निष्कर्ष काढावेच लागत नाहीत, ते दिसतात, जसा रेघांचा छेद. पण त्यांनी सोबत एक अटही घातली: आकृती वाचता येत असेल तरच. नाहीतर ती नुसती रेघोट्या.

ब्रह्मगिरीची ती आकृती खेळण्यातली नाही. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गाड्या याच पद्धतीच्या तक्त्यावर चालतात. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर ओळीने स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ जास्त उभी, मालगाडीची लोळलेली. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन रेघा जिथे छेदतील तिथे बाजूला घ्यायला जागा असलेलं स्टेशन पाहिजे, नसेल तर आत्ताच कुणाला तरी थांबवा. वेळापत्रकाच्या आकड्यांत ही टक्कर लपून बसते.

बाहेरचं चित्र पुरेसं घोटलं की ते आत शिरतं, हेही खरं. ठिपक्यांची रांगोळी घ्या. तेरा ते सात ठिपके मांडायचे कशासाठी? तर संपूर्ण आकृती डोक्यात धरायला नको, एका वेळी फक्त "या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत" एवढंच पाहायचं. जमिनीवरचे ठिपके स्मरणशक्तीचं ओझं उचलतात. वर्षानुवर्षं काढणाऱ्या बायकांना मग ठिपके न मांडताही ते दिसतात. अबॅकसच्या क्लासची मुलं हवेत बोटं हलवत बेरजा करतात तेही तसंच. मायकल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधल्या अशा मुलांवर केलेलं संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ही मुलं संख्या शब्दांत नव्हे तर मण्यांच्या उभ्या रांगांच्या चित्रात धरतात, आणि तीनचार रांगांपलीकडे तेही चित्र डळमळतं. डोक्यात एकावेळी धरता येणाऱ्या वस्तूंची मर्यादा सगळ्यांची साधारण एवढीच. ती मर्यादा अबॅकसने वाढत नाही. अबॅकस फक्त तेवढ्याच जागेत जास्त माल बसवतो. "मेंदूची शक्ती दुप्पट" असं क्लासच्या फलकावर लिहिलेलं दिसलं की म्हणूनच जरा थांबावं.

कांद्याचा भाव आणि सरासरीची फसवणूक

आलेख हा बाहेरच्या चित्रांतला तसा अलीकडचा प्रकार. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेघांनी आणि खांबांनी दाखवले, १८०१ मध्ये वर्तुळाचे तुकडे करून दाखवले, आणि अजून आपण तेच वापरतोय.

त्याची गरज काय, ते लासलगावच्या बाजारात पाहू. आकडे माझे, समजावण्यापुरते. तीन शेतकऱ्यांनी पाच आठवडे कांदा नेला. पहिल्याला क्विंटलला १,४५०, १,५००, १,५५०, १,४८०, १,५२० असा भाव मिळाला. दुसऱ्याला ९००, १,२००, १,५००, १,८००, २,१००. तिसऱ्याला चार आठवडे १,१२५ आणि पाचव्या आठवड्यात एकदम ३,०००. तिघांची सरासरी काढा: बरोबर १,५००. सरासरी सांगते की तिघांची परिस्थिती सारखी. पण पाच-पाच ठिपके कागदावर टाका: एक सपाट, एक चढता, आणि एक तळाशी लोळून शेवटी उडी मारलेला. कुणी पुढच्या आठवड्यात माल रोखून धरावा, याचा विचार त्या चित्रापाशी सुरू होतो. फ्रान्सिस अ‍ॅन्सकॉम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे असे चार संच मुद्दाम बनवले होते. चारांची सरासरी, विचलन, परस्परसंबंध सगळं जवळजवळ तंतोतंत सारखं. आलेख काढला की चार चेहरे चार दिशांना.

पण डोळाही सगळं सारखं नीट वाचत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये तपासलं: एकाच पट्टीवरची जागा आपण सर्वांत अचूक जोखतो, मग लांबी, मग कोन, त्याखाली क्षेत्रफळ, आणि रंगाची गडदता तर फारच ढोबळ. म्हणून खांबांचा आलेख वर्तुळाच्या तुकड्यांपेक्षा बरा, आणि फुग्यांच्या आकारांनी आकडे दाखवणारी रंगीत चित्रं बहुधा शोभेचीच.

आणि फसवायचं असेल तर फार कष्ट लागत नाहीत. पहिल्या शेतकऱ्याचे शेवटचे दोन भाव, १,४८० आणि १,५२०, खांबांनी दाखवा, पण पट्टी शून्याऐवजी १,४७० पासून सुरू करा. दुसरा खांब पहिल्याच्या पाचपट उंच दिसेल. फरक तीन टक्केसुद्धा नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या "भाव कडाडले" छापाच्या आलेखात मी आधी डावीकडचा सर्वांत खालचा आकडा पाहतो, बाकी नंतर.

लंडनच्या कॉलऱ्याचा नकाशा या विषयात हमखास सांगितला जातो. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले आणि कारण सापडलं, अशी गोष्ट. गोष्ट थोडी उलटी आहे. पाण्यातून कॉलरा पसरतो हा स्नो यांचा संशय आधीपासूनचा. पंपाचा दांडा काढला गेला तो त्यांच्या घरोघरच्या चौकशीवरून, आणि छापलेला नकाशा नंतर आला. त्या नकाशातलं खरं बोलकं काय, तर रिकाम्या जागा. पंपाशेजारीच दारूभट्टी होती आणि तिथले कामगार वाचले होते. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. नकाशाने स्नो यांना काही शिकवलं नाही. इतरांना पटवायला तो कामी आला, आणि हेही लहान काम नव्हे.

कच्ची आकृती

पालकसभेत हमखास ऐकू येणारं एक वाक्य: "आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला चित्रांनीच समजतं." २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या शिकण्याच्या "प्रकारां"वरचं संशोधन चाळून काढलं. मुलाचा प्रकार ओळखून त्याप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. चित्राची गरज मुलावरून ठरत नाही, विषयावरून ठरते. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते. कवितेची चाल चित्रातून कुणालाच कळत नाही.

दहावीच्या भूमितीत रचनेच्या प्रश्नाला "कच्ची आकृती" काढायची असते. पुष्कळ मुलं आधी पट्टी-कंपासने पक्की रचना पूर्ण करतात आणि मग गुणासाठी कोपऱ्यात कच्ची काढून ठेवतात. कच्च्या आकृतीचं काम नेमकं आधीचं आहे: जे काढायचंय ते तयार झालंय असं समजून हाताने ओढा, माहीत असलेल्या बाजू-कोन त्यावर लिहा, आणि मग सुरुवात कुठून करायची ते त्या रेघांतून शोधा. बदक-सशाच्या प्रयोगात कागदाने जे केलं तेच इथे तो करतो.

फक्त ती काढताना एक काळजी घ्यायची. हाताला सवय म्हणून आपण छानसा, तिन्ही बाजू सारख्या दिसणारा त्रिकोण काढतो. अशा त्रिकोणात शिरोलंब आणि मध्यगा एकाच रेघेवर येतात, कोनदुभाजकही तिथेच. मग डोळ्यांना दिसलं म्हणून मुलं ते खरंच धरून चालतात आणि सिद्धतेत नसलेली गोष्ट वापरून मोकळी होतात. त्रिकोण विषमभुजच काढा, एक बाजू मुद्दाम लांब आणि शिरोबिंदू एका अंगाला कललेला. चौकोन सांगितला असेल तर तो चौरसासारखा दिसू देऊ नका, आणि वर्तुळाची जीवा सांगितली असेल तर ती केंद्रातून नेऊ नका.